यीस्टला आधी पाणी, साखर नंतर

मिनियापोलिसहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते.

"ताई, नवऱ्याच्या चाळिशीसाठी घरी बीअर करायचं ठरवलं आणि पाच गॅलनचं किट आणलं. माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काच्या, डब्याच्या झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी होती. आई पाव करताना यीस्ट जसं तपासायची, तसंच केलं. अर्धी वाटी कोमट पाणी, दोन मोठे चमचे साखर आणि वर यीस्ट. अर्धा तास झाला तरी फेस येईना. मेलेलं आहे असं समजून सिंकमध्ये ओतलं आणि दुकानातून सफएल यूएस-०५ची ११.५ ग्रॅमची पुडी आणली. दुकानदार म्हणाला, तशीच कोरडी टाका. टाकली. तीस तास काहीच हललं नाही, मी रात्रभर उठून फर्मेंटर, म्हणजे बीअर आंबवायचं भांडं, बघत होते. मग एकदाचा फेस आला. बीअर बरी झाली, पण मनातून भीती जात नाही. आता दुसऱ्या घाण्याची तयारी आहे. यीस्ट भिजवायचं की कोरडंच टाकायचं? भिजवायचं तर पाणी किती गरम? साखर घालायची का? आणि ते जिवंत आहे हे आधी कसं ओळखायचं? फ्रिजमध्ये गेल्या वर्षीची एक पुडी पडून आहे, ती वापरू का? शिवाय आई विचारते आहे, उरलेलं बीअरचं यीस्ट पावाला चालेल का?"

तुमचं पत्र वाचताना मला माझा मॅडिसनमधला पहिला जानेवारी आठवला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, दिवसभर प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणारी. तरी घरी पहिल्यांदा बीअर करताना मी यीस्ट थेट नळाच्या पाण्यात भिजवलं. इथल्या थंडीत नळाचं पाणी हाताला चावतं, ते तुम्हाला सांगायला नको. यीस्टच्या गुठळ्या झाल्या, काही तळाला गेल्या, काही वर तरंगत राहिल्या. मी चमच्याने त्या फोडत बसले. फर्मेंटर तीन दिवस गप्प होता, आणि शेवटी जे तयार झालं त्याला आंबूस वास होता. सगळं ओतून द्यावं लागलं. त्यानंतर मी या विषयाच्या मुळाशी जाऊन शिकले. म्हणून तुमच्या रात्रभराच्या जागरणाला मी क्षुल्लक म्हणणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुम्ही सिंकमध्ये ओतलेलं यीस्ट बहुतेक मेलेलं नव्हतं. तुमची परीक्षा चुकीची होती. आईंची पद्धत पावासाठी अगदी योग्य आहे, पण बीअरच्या कोरड्या यीस्टला ती तशीच लावली की निकाल फसवा येतो. असं का होतं ते समजलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

पुडीतला दाणा म्हणजे झोपलेल्या पेशींचा गठ्ठा. त्यात पाणी जेमतेम पाच-सहा टक्के असतं. पेशीभोवतीचं पातळ आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं आणि ते लवचिक राहायला पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं हे आवरण थिजून आखडतं. त्या काळात पेशीला सांभाळते ट्रेहॅलोज नावाची साखर. पेशी ती आपल्या आतच साठवते आणि गेलेल्या पाण्याच्या जागी ती टेकू देते.

आता या दाण्यावर पाणी पडलं की आवरण पुन्हा मऊ होऊ लागतं. थिजलेल्याचं मऊ होताना मधली काही मिनिटं अशी येतात की आवरणाला फटी असतात. आतलं बाहेर झिरपतं, बाहेरचं आत शिरतं. धडधाकट पेशी काय आत घ्यायचं, किती घ्यायचं हे स्वतः ठरवते. या काही मिनिटांत तिला ते ठरवता येत नाही. साखर, हॉप्सचा (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडू अंश, आम्ल, जे समोर असेल ते आत येतं. पाणी गार असेल तर ही अवस्था लांबते आणि पेशी आतला ऐवज गमावत राहते. पाणी योग्य कोमट असेल तर ती लवकर सरते.

तुमच्या वाटीकडे याच नजरेने बघा. अर्धी वाटी, म्हणजे साधारण शंभर मिलिलिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम साखर. हा वीस टक्क्यांचा पाक झाला. नेहमीच्या बीअरच्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या उकळलेल्या गोड पाण्यात, बारा टक्क्यांच्या आसपास साखर असते. आवरणाला फटी असताना तुम्ही त्या पेशींना वर्टपेक्षाही गोड पाकात बुडवलंत. गोड पाक पेशीतलं पाणी उलट बाहेर ओढतो. लोणच्यातल्या मिठाने कैरीला पाणी सुटतं ना, तसंच. तरीही पुष्कळ पेशी जगल्या असतील, पण अर्ध्या तासात उठून फेस काढण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यात पावाचं यीस्ट निवडलेलंच असतं झपाट्याने वायू सोडण्यासाठी, आणि वाटीतल्या पाण्याच्या मानाने आपण ते भरपूर घालतो. बीअरचं यीस्ट जात्याच सावकाश उठतं. पावाचं यीस्ट आणि एल, म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बीअरचं यीस्ट, या दोघांची जात एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पण घराणी वेगळी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी साधं पाणी, साखर नंतर.

आता पाणी किती गरम, हा प्रश्न. आपल्या घरात 'कोमट' या शब्दाचे दोन-तीन अर्थ आहेत आणि घोळ तिथेच होतो. अंघोळीचं कोमट पाणी चाळीसच्या पुढे असतं. विरजणासाठी दूध कोमट करतो तेही चाळीसच्या आसपास, आणि दह्याच्या जिवाणूंना ते मानवतं. यीस्टचं कोमट त्याहून गार. लालमाँ कंपनी आपल्या नॉटिंगहॅमसारख्या यीस्टसाठी ३० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, म्हणजे ८६ ते ९५ फॅरनहाइट. तुमच्या यूएस-०५ची फर्मेंटिस कंपनी २५ ते २९ अंश, म्हणजे ७७ ते ८४ फॅरनहाइट सांगते. जी पुडी असेल तिच्या कंपनीचं ऐका. चाळीसच्या वर गेलात तर पेशींवर ताण येतो, पन्नासच्या वर त्या भराभर मरतात. बोट बुडवून अंदाज घ्यायची आपली सवय दह्याला उत्तम आहे, पण इथे थर्मामीटर लावा. बोटानेच सांगायचं झालं तर ३२-३३ अंशांचं पाणी बोटाला ना गरम लागतं ना गार. पाणी कोमट असल्याचं बोटाला सुखद जाणवत असेल, तर यीस्टसाठी ते बहुतेक जास्त गरम आहे.

पाणी किती घ्यायचं हे सोपं आहे: यीस्टच्या वजनाच्या दहापट. ११.५ ग्रॅमच्या पुडीला ११५ मिलिलिटर, म्हणजे तुमच्या अमेरिकन मापाचा अर्धा कप, जवळजवळ तंतोतंत. नळाचं पाणी उकळून, झाकून, निववून घ्या. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी नको. आपल्याला वाटतं जितकं शुद्ध तितकं चांगलं, पण आवरणाची घडी नीट बसायला पाण्यातले थोडे क्षार लागतात. ते नसतील तर पेशी जास्त मरतात.

आता प्रत्यक्ष कृती. रुंद तोंडाचं काचेचं भांडं घ्या, म्हणजे यीस्ट पातळ थरात पसरेल. भांडं, चमचा, कात्री, सगळं भांडी निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरमध्ये बुडवून घ्या. पुडीचा वरचा भागही पुसा. ही गोष्ट लोक विसरतात, आणि दाणे तर त्याच कडेवरून ओघळत खाली येतात. पाणी योग्य तापमानाला आलं की यीस्ट वर भुरभुरा. ढीग घालू नका, रांगोळी भरताना चिमटीतून रंग सोडतो तसं सगळीकडे सारखं सोडा. आणि मग पंधरा मिनिटं हात लावू नका. ढवळायचा मोह होईल, मला आजही होतो. पण याच मिनिटांत आवरणाला फटी असतात, त्यामुळे चमचा बाजूला ठेवा.

या पंधरा मिनिटांत भांड्याजवळ बसून बघा, कारण यीस्ट काय करतं ते इथे डोळ्यांनी दिसतं. आधी दाणे मातकट-पिवळे, वाळूसारखे तरंगतात. दोनेक मिनिटांत कडेचे दाणे गडद होऊन फुगतात आणि त्यांच्यापासून दुधट रेघा खाली सुटतात, चहात साय विरघळावी तशा. मग थराला मधेच भेगा पडतात आणि एखादा तुकडा सावकाश तळाशी जातो. वास बदलतो. पुडी उघडताना तो धान्याच्या कोठारासारखा कोरडा असतो, आता ओल्या कणकेसारखा येतो. पंधरा मिनिटांनी हलकेच ढवळलंत की पिवळसर, ताकापेक्षा दाट, एकजीव मलई व्हायला हवी. पाच मिनिटं आणखी ठेवा. क्वचित वर बारीक फेसाची किनार दिसते, बऱ्याचदा दिसत नाही. न दिसली तर घाबरू नका. साध्या पाण्यात खायला काही नाही, मग वायू येणार कुठून? या टप्प्यावर फेस नसणं म्हणजे मरण नव्हे. तुमच्या पत्रातली सगळी भीती या एका गैरसमजातून आली आहे.

भिजवलेलं यीस्ट अर्ध्या तासापलीकडे नुसत्या पाण्यात ठेवू नका. जागी झालेली पेशी उपाशी असते आणि आतली शिदोरी खात सुटते. पाहुणे पाटावर बसल्यावर भात शिजायला घालू नये, तसं वर्ट आधी तयार आणि गार करून मगच यीस्ट भिजवायला घ्या. वर्ट २० अंशांना आणि यीस्ट ३२ अंशांना असेल तर एकदम ओतू नका. फर्मेंटरमधलं थोडं वर्ट यीस्टच्या भांड्यात घाला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा थोडं घाला. दोघांच्या तापमानात दहा अंशांहून कमी फरक राहिला की सगळं ओता. एकदम गार पाण्यात पडलेल्या पेशी दचकतात आणि त्यांच्यातून थोटकी, दुबळी संतती निपजू शकते.

आता दुकानदाराबद्दल. त्याने तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही. फर्मेंटिस गेली काही वर्षं आपल्या पुड्या थेट वर्टमध्ये टाकायला सांगते आणि भिजवून टाकल्याने निकालात फरक पडत नाही असं म्हणते. वाळवण्याची पद्धत सुधारली आहे, आणि दाण्यात सॉर्बिटन मोनोस्टिअरेट नावाचा पदार्थ असतो, जो पाणी आत घ्यायला मदत करतो. पुडीवर घटकांमध्ये ई-४९१ लिहिलेलं दिसेल, ते हेच. शिवाय कारखान्यातच या पेशींना स्निग्धांचा भरपूर साठा करून दिलेला असतो, त्यामुळे पहिल्या वापरात वर्टमध्ये ऑक्सिजन फुंकत बसायची गरजही फारशी उरत नाही.

मग मी स्वतः काय करते? ताजी पुडी, नेहमीच्या ताकदीची एल बीअर, वर्ट वीस अंशांच्या आसपास: कोरडंच टाकते, पृष्ठभागावर सगळीकडे पसरून. पण वर्ट घट्ट असेल, म्हणजे हायड्रोमीटर, वर्टची घनता मोजणारी काचेची नळी, १.०६५ च्या वर दाखवत असेल, किंवा लागरसाठी, म्हणजे थंड तापमानाला सावकाश आंबवायच्या बीअरसाठी, १२ अंशांपर्यंत गार केलेलं असेल, किंवा पुडी जुनी असेल, तर भिजवल्याशिवाय टाकत नाही. घट्ट वर्ट म्हणजे तुमच्या वाटीतल्या पाकाचाच प्रकार, आणि गार वर्ट म्हणजे माझं मॅडिसनच्या नळाचं पाणी. वीस मिनिटांच्या कामाने अशा वेळी जिवंत पेशी वाचत असतील तर मी ती वीस मिनिटं आनंदाने देते.

आता जिवंतपणाच्या परीक्षेकडे. घरी करण्यासारखी प्रामाणिक परीक्षा अशी: वर सांगितल्याप्रमाणे यीस्ट साध्या पाण्यात भिजवून वीस मिनिटं होऊ द्या. दोन चमचे पाण्यात एक छोटा चमचा साखर किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळा, निववा आणि त्या भांड्यात घाला. झाकून उबदार जागी ठेवा. ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवलं तरी चालेल, थंडीत आपण इडलीचं पीठ ठेवतो तसं. मात्र आतलं तापमान एकदा थर्मामीटरने बघून घ्या, काही ओव्हनचा दिवा फार तापतो. अर्ध्या तासात मलई हलू लागते, तळातून ढगासारखं वर येतं, कडेने फेस धरतो आणि पाव भाजण्याआधीच्या पिठाचा वास येतो. हे झालं तर यीस्ट जिवंत आहे, लगेच वर्टमध्ये टाका. तासभर थांबूनही काहीच हललं नाही, तर ती पुडी टाकून द्या.

पण ही परीक्षा काय सांगत नाही, तेही ऐका. देवळात घंटा वाजली की कोणीतरी आलं आहे हे कळतं, किती जण आले ते कळत नाही. फेसाचंही तसंच आहे. शंभरातल्या वीसच पेशी जगल्या असतील तरी वाटीत फेस येईल, पण एकोणीस लिटर वर्टला त्या वीस पुऱ्या पडणार नाहीत. मोजायचं असेल तर प्रयोगशाळा लागते. तिथे आम्ही मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. जिवंत पेशी आत आलेल्या रंगाला बेरंग करते आणि काचेच्या मण्यासारखी स्वच्छ दिसते, मेलेली पेशी निळीच राहते. चौकटीत मोजायचं: इतक्या स्वच्छ, इतक्या निळ्या. आधीच वाढत असलेल्या ओल्या यीस्टला ही रीत चांगली लागू पडते, पण नुकत्याच भिजवलेल्या कोरड्या यीस्टला ती नेमकी चुकते, कारण आवरण अजून सावरलेलं नसतं. तिथे प्रयोगशाळेतल्या थाळीत पेशी वाढवून उठलेले ठिपके मोजणं हाच खात्रीचा मार्ग, आणि त्याला दिवस लागतात. कोणी तुम्हाला घरासाठी सूक्ष्मदर्शक घ्यायला सुचवलं तर कुतूहल म्हणून जरूर घ्या, माझ्या आयुष्यातले कितीतरी आनंदाचे तास त्याच्यासमोर गेले आहेत. पण कोरड्या पुडीचा निकाल त्याच्यावर सोपवू नका.

म्हणून मी वाटीतल्या परीक्षेपेक्षा पुडीच्या परीक्षेला जास्त महत्त्व देते. पुडी हातात घेऊन दाबा. कडक, आवळलेली असेल तर आत हवा गेलेली नाही. मऊ पडलेली, फुगलेली किंवा कुठे टोचलेली असेल तर तारीख काही का असेना, वापरू नका. मग तारीख बघा. मग ती कुठे आणि कशी राहिली ते आठवा. फ्रिजमध्ये राहिलेली, मुदतीतली, कडक पुडी मी परीक्षा न घेता वापरते. गरम गोदामात किंवा उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या पुडीवर, मुदत असली तरी, माझा भरवसा नाही. तुमची गेल्या वर्षीची पुडी सतत फ्रिजमध्ये होती, मुदत संपलेली नाही आणि दाबल्यावर कडक लागते, तर बेलाशक वापरा. या वेळी भिजवून. मुदत उलटून गेली असेल तर परीक्षा घ्या, पण शेजारी एक नवी पुडी हजर असू द्या. दिवसभर राबून उकळलेलं वर्ट एका पुडीच्या भरवशावर ताटकळत ठेवू नये. उघडं गोड वर्ट हवेतल्या जिवाणूंना आयतं मिळतं, आणि माझ्या पहिल्या घाण्याला आंबूस वास आला तो तसाच.

आणि झाकणाखालच्या त्या छोट्या पुडीचं काय? तिची अडचण जिवंतपणाची कमी आणि वजनाची जास्त. एल बीअरसाठी कंपन्या शंभर लिटरला ५० ते ८० ग्रॅम यीस्ट सांगतात. तुमच्या पाच गॅलनला, म्हणजे एकोणीस लिटरला, साडेनऊ ते पंधरा ग्रॅम. ११.५ची पुडी त्यात चपखल बसते. झाकणाखाली साधारण पाच ते सात ग्रॅम असतात, आणि डबा दुकानात किती महिने, कशा तापमानात होता हे आपल्याला माहीत नसतं. लागर करायची असेल तर शंभर लिटरला ८० ते १२० ग्रॅम, म्हणजे तुमच्या मापाला दोन पुड्या. किट घेताना सोबत एक चांगली पुडी घ्यायची, हा खर्च मी कधीच वाचवत नाही.

तुमच्या तीस तासांच्या जागरणाबद्दल राहिलं. तीस तास हा उशीर नव्हता. वर्टमध्ये पडलेल्या पेशी आधी स्वतःला सावरतात, मग वाढतात, आणि मग बाहेरून दिसेल असा वायू सोडतात. बारा ते छत्तीस तास लागू शकतात. काही वाण जात्याच मंद आहेत, लालमाँचं बीआरवाय-९७ त्यासाठी ओळखलं जातं. शिवाय बुडबुडा हा चांगला साक्षीदार नाही. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण कडेला जरा सैल असलं की वायू तिथूनच निघून जातो आणि एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी झाकणावरची नळी, शांत राहतो. बादलीवर टॉर्च धरून आत वर्टवर पांढरट फेसाची साय धरली आहे का बघा. तीही दिसेना तर तिसऱ्या दिवशी हायड्रोमीटर लावा. साखर संपत जाते तसा आकडा उतरतो, म्हणून १.०४८ ला सुरू केलेलं वर्ट १.०४० वर आलं असेल तर काम चालू आहे, तुम्हाला दिसलं नाही इतकंच. बहात्तर तासांनीही आकडा तिथल्या तिथे असेल तर नवी पुडी भिजवून टाका. त्याआधी झाकण उघडत राहू नका, आणि रात्री झोपा.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, कारण या विषयावर तिकडूनही पत्रं येतात. अमेरिकेत घरच्या बीअरला केंद्रीय कायद्याने १९७८ साली वाट करून दिली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून ते लागू झालं. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत मुभा आहे, विकायला मात्र नाही. सगळ्या राज्यांनी दार उघडायला २०१३ साल उजाडलं, अलाबामा आणि मिसिसिपी शेवटचे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिकडे हे वाचून कोणी फर्मेंटर मांडू नका.

आता आईंचा प्रश्न, जो मला पत्रातला सगळ्यात गोड वाटला. हो, बीअरचं कोरडं यीस्ट पावाला चालतं. पीठ फुगायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागेल, म्हणून ते आदल्या रात्री मळून ठेवायला सांगा. चव छान येते. उलटं मात्र करू नका. पावाचं यीस्ट बीअर आंबवतं खरं, पण तळाशी नीट बसत नाही आणि पुष्कळदा लवंगेसारखा वास मागे ठेवतं. अर्धी पुडी उरली तर तोंड दुमडून, चिकटपट्टी लावून, हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. त्या अर्ध्या पुडीचा पुन्हा बीअरसाठी विचार नको, ती आईंनाच द्या. आणि वाटीत साखर घालून परीक्षा घ्यायची असेल तर त्यांनाही सांगा, आधी वीस मिनिटं नुसत्या पाण्यात राहू द्या.